टँकरच्या डिझेलचा आलेख वाचताना
कोल्हापूरहून मुंबईला जाणाऱ्या दुधाच्या टँकरांची देखरेख माझ्याकडे आहे. 1 जानेवारी 2019 पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थानदर्शक यंत्र बंधनकारक झाले. आम्ही मात्र ते मुख्यतः डिझेलचोरीच्या धास्तीने बसवले. या यंत्राला जोडलेला टाकीतला सेन्सर इंधनाची पातळी मोजतो आणि तिच्यावरून लिटरचा हिशेब काढतो. त्यामुळे परतीच्या वाटेवर गाडी बोरघाट चढू लागली, की डिझेल टाकीच्या एका बाजूला सरकून आलेख एकदम घसरू शकतो आणि सपाटीवर येताच सावरतो. हे ठाऊक नसलेला सुपरवायझर भर घाटात चालकाला फोन करून जाब विचारतो, हे मला अत्यंत गैर वाटते. गाडी सपाट जागी उभी, इंजिन बंद आणि तरीही पातळी उतरून तशीच राहिली, तरच चौकशी करावी.

माझ्या मते दुधाचे तापमान ही त्याहून मोलाची माहिती आहे, कारण सुमारे 4 अंशांवर भरलेले दूध वाहतूककोंडीत तापू लागल्याचे वेळीच कळले, तर टँकर जवळच्या शीतकरण केंद्राकडे वळवता येतो. कामाची वेळ संपल्यावर चालकाच्या मोबाइलवरील स्थाननोंद बंद झालीच पाहिजे, आणि ही अट नेमणूकपत्रातच लिहावी.