तांबट आळीतील दहा मिनिटे

नाशिकच्या भांडी बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचे जुने घर होते. त्यामुळे तांब्यापितळेची भांडी मला लहानपणापासून दुकानाच्या दारात टांगलेली, तराजूवर तोलली जाणारी आणि दिवाळीच्या आधी चिंचेने घासली जाणारी अशीच माहीत होती. ती कुणीतरी बसून ठोकत असेल, हे पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या कधी मनातही आले नाही. गेल्या डिसेंबरात पुण्यात आत्तेबहिणीकडे मुक्काम होता. तिने आधीच पैसे भरून ठेवलेल्या एका वारसा फेरीला तिच्या गुडघ्यांनी नकार दिला आणि तिच्या जागी मी शनिवारी सकाळी सात वाजता शनिवारवाड्यासमोर जाऊन उभी राहिले. फेरीत चालणे आणि खाणे दोन्ही असल्याने उपाशीपोटी यावे, अशी सूचना होती. मी ती पाळली, याचा पुढे मला बराच पश्चात्ताप झाला.

आम्ही चौदा जण होतो आणि आमचा वाटाड्या पंचविशीतला, चटपटीत मुलगा होता. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी वाड्याची पायाभरणी केली, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतले सारे लाकडी वैभव जळून गेले, हे त्याने नीट सांगितले. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे हत्तींच्या धडकेसाठी आहेत, हे दाखवताना त्याने ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर कसे येतात, तेही हात उंचावून दाखवले. मात्र ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेल्या नारायणरावांच्या खुनाकडे वळताच त्याचा आवाज बदलला आणि अमावास्येच्या रात्री ऐकू येणाऱ्या ‘काका, मला वाचवा’ या हाकेतच वीस मिनिटे गेली. एवढा मोठा राजकीय खून, त्यात राघोबादादा, त्यानंतरचे बारभाईंचे कारस्थान. असा भरगच्च इतिहास हाताशी असताना भुताची गरज का भासावी, हे मला कळले नाही. आत तर आता मुख्यतः जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ एवढेच उरले आहे, तरी तिथे आमचा पाऊण तास मोडला.

लाल महालाची आजची इमारत अलीकडची असल्याने तिथे थांबण्यासारखे फारसे नव्हते. कसबा गणपतीला नमस्कार करून आम्ही कसब्यातल्या अरुंद रस्त्यांनी पुढे निघालो. एका वळणावर कुणीतरी एकाच वेळी दहा-बारा ठिकाणी टाळ वाजवत असावे असा आवाज येऊ लागला. ही तांबट आळी होती. हे कारागीर पेशवाईत कोकणातून येथे आले आणि त्यांच्या भांड्यांवरच्या ठोक्यांच्या नक्षीला मठारकाम म्हणतात, एवढे सांगून वाटाड्याने घड्याळाकडे पाहिले. आम्हाला दहा मिनिटे दिली होती. त्यांतली सहा सर्वांनी छायाचित्रे काढण्यात घालवली.

तेथून सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीला गेलो. हे स्थळ मात्र मला फार आवडले आणि इथे त्या मुलानेही आपले खरे ज्ञान दाखवले. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये या मंदिराचे काम सुरू केले आणि ते १७७० मध्ये पूर्ण झाले. काळ्या दगडाची दर्शनी भिंत इतकी कोरलेली आहे की पुण्याच्या साध्या, चुनेगच्ची देवळांना सरावलेल्या डोळ्यांना ती दुसऱ्याच मुलखातून आणून ठेवल्यासारखी वाटते. एका पट्टीत बंदुका घेतलेले परदेशी शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने बांधत आहेत. देवळाच्या दारावर गेंडा आणि गोरे शिपाई कोरणाऱ्या पाथरवटाने काय पाहिले, काय ऐकले असेल, याचा विचार करत मी बराच वेळ उभी राहिले. आत संस्कृतबरोबर फार्सी शिलालेखही आहे, खाली तळघर आहे आणि गाभाऱ्यात मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती आहे. नऊ वाजून गेले होते आणि पोटात कावळे ओरडत होते.

मिसळीच्या जागी आमची चौदा जणांची फौज पाहून गल्ल्यावरच्या गृहस्थांनी कपाळावर आठ्या चढवल्या. आगाऊ कळवलेले नव्हते, बाके मोकळी नव्हती आणि चाळीस मिनिटे आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. वाटाड्याने ‘काका, पाहुणे लांबून आले आहेत’ असे म्हणून पाहिले, तेव्हा ‘मग आधीच उशीर झालाच आहे, अजून थोडा होऊ द्या’ असे उत्तर मिळाले. यावर मी एकटीच हसले. मिसळ मात्र वाट पाहण्याच्या योग्यतेची होती. आमच्याकडची मिसळ म्हणजे मोड आलेली मटकी, काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि पापड; इथे खाली पोहे, बटाट्याची भाजी आणि शेव, वर हिरवी मिरची, आले आणि कोथिंबिरीचा बेताचा तिखट रस्सा आणि सोबत पावाऐवजी स्लाइस. पहिल्या घासाला मी नाक मुरडले आणि तिसऱ्या घासाला रस्सा मागितला.

चहा एका अमृततुल्यमध्ये घेतला. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात रुजवलेली ही दुकाने, तिथला खलबत्त्यात कुटलेल्या आले-वेलदोड्यांचा वास आणि सतत उकळणारे पितळी पातेले. त्या पातेल्याच्या काठाखाली मला तेच गोल ठोके दिसले आणि सकाळची दहा मिनिटे पुन्हा आठवली. पुढे तुळशीबाग गर्दीतून ओलांडली आणि १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेल्या अष्टकोनी मंडईत फेरी संपली. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. शेवटी मस्तानी प्यायलो. तिचा बाजीरावांच्या मस्तानीशी जोडलेला संबंध ऐकण्याइतका धीर माझ्यात उरला नव्हता, आइस्क्रीम मात्र उत्तम होते.

दुपारी घरी न जाता मी रिक्षाने परत तांबट आळीत गेले. सकाळच्या गर्दीत दिसले नव्हते ते आता दिसले: जमिनीत रोवलेला लोखंडी दांडा, त्यावर पालथे घातलेले घंगाळ, डाव्या हाताने ते कणाकणाने फिरवणारे आणि उजव्या हाताने एका लयीत हातोडी मारणारे सत्तरीचे एक कारागीर. ठोका जिथे संपे तिथे लगेच दुसरा लागे. मध्ये जागा राहत नव्हती आणि एकावर एक चढतही नव्हता. मी म्हटले, ‘काका, आमच्या आजीच्या बंबावर अशीच नक्षी होती.’

‘नक्षी नव्हे, ताई,’ ते म्हणाले आणि त्यांनी पत्र्याचे दोन तुकडे माझ्या हातात दिले. एक भट्टीतून काढून गार केलेला, मळकट गुलाबी. तो मी अंगठ्याने सहज वाकवला. दुसरा त्याच पत्र्याचा, पण मठारलेला आणि चकचकीत. दोन्ही हातांनी जोर लावूनही तो जागचा हलला नाही. तापवले की तांबे मऊ पडते आणि ठोकले की ताठ होते, म्हणून घडवताना ते पुन्हा पुन्हा भट्टीत घालायचे आणि शेवटी सगळ्या अंगाला मठार द्यायचा. चमक येते ती वरकमाई. आजीचा बंब चाळीस वर्षे चेपला नाही, तो कशामुळे, हे मला कसब्यात एका पाटावर बसून समजले.

मी एक तांब्या घेतला. त्यांनी तो काट्यावर ठेवला, वजनाचे पैसे वेगळे आणि मजुरी वेगळी लावली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. घरी आत्तेबहिणीने पुडके सोडले, तांब्या उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, ‘भांडी बाजारात वाढलीस आणि भांडे घ्यायला पुण्याला आलीस?’