ग्रानादाला गिटार घडवायला जाताना

स्पेनमधल्या ग्रानादाच्या प्लाझा नुएवा चौकातून अल्हंब्रा या जुन्या राजवाड्याकडे जी चढण निघते, ती कुएस्ता दे गोमेरेस. पर्यटक धापा टाकत सरळ वर जातात. गिटारसाठी आलेल्यांनी खालीच रेंगाळावं, कारण कारागिरांच्या कार्यशाळा याच चढणीवर आणि आसपासच्या गल्ल्यांत आहेत. स्वतःच्या हातानं एक स्पॅनिश गिटार पूर्ण करायची तर तीन-चार आठवडे हाताशी हवेत. तेवढ्या मुक्कामाला शेंगेनचा (स्पेनसह युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) अल्पमुदतीचा व्हिसा पुरतो, सोबत किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो. माद्रिदहून रेल्वे आहे, मालागाहून बस. ऑगस्ट टाळा: उकाडा असतो आणि बऱ्याच कार्यशाळा सुट्टीवर जातात. दुपारी दोन ते पाच हार्डवेअरचं दुकानही उघडं सापडत नाही, तेव्हा पटाशीला लावायचा दगड सकाळीच घ्या.

निघण्याआधी एक गोष्ट पक्की करा: क्लासिकल गिटार की फ्लेमेंको, म्हणजे स्पॅनिश लोकसंगीताच्या साथीची? नंतर मत बदलता येत नाही. फ्लेमेंकोचं अंग सायप्रसचं, हलकं. तारा घोडीपाशी वरच्या पाटीपासून जेमतेम 8 मिमी उंच. क्लासिकलला पाठ आणि बाजू बहुधा आपल्याकडच्या शिसवीच्या, तारा 10-11 मिमी उंच. त्यामुळे क्लासिकलची मान नटपाशी (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) दोनेक मिमी पुढे झुकवतात, फ्लेमेंकोची जवळजवळ सरळ ठेवतात. हा कोन चुकला तर पुढे फिंगरबोर्ड (मानेवरची बोटं दाबायची फळी) तासून वेळ मारून न्यावी लागते. ब्राझिलियन शिसवीच्या मोहात पडू नका. 1992पासून ती साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, विमानतळावर अडकाल. भारतीय शिसवीच्या तयार वाद्यांना 2019च्या अखेरीपासून परवान्यातून सूट आहे. सुट्या फळ्यांना ती सूट नाही. मानेसाठी वापरतात ते ‘सेद्रो’ नावाचं लाकूड देवदार नव्हे. मिरजेच्या सतारीला लागतो त्या तुणाचा तो जवळचा नातलग.

खरा वेळ वरच्या पाटीला द्या. आंतोनिओ दे तोरेस यांनी 1862मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बांधली, आवाज मुख्यतः पाटीतून येतो हे दाखवायला. स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाची पाटी साधारण 2.2 ते 2.5 मिमीपर्यंत रंध्यानं उतरवतात. पण आकड्यावर थांबू नका. पाटी दोन्ही हातांनी आडवी वाकवून पाहा, बोटानं ठोकून ऐका. दोन पाट्या एकाच जाडीला सारख्या ताठ नसतात. आत पंख्यासारख्या, बहुधा सात, बारीक पट्ट्या बसतात. त्यांच्या लाकडाच्या रेषा उभ्याच हव्यात. नवखे लोक पट्ट्या भक्कम ठेवतात आणि गिटार मुकी होते.

बाजू वाकवणं हे सगळ्यात घाबरवणारं काम. फळी 2 मिमीची हवी, 2.3 ठेवली तर कमरेपाशी शिसवी तडकते. फळी तापलेल्या धातूच्या नळीवर वाकवतात; नळीवर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच उडाला पाहिजे. फळी किंचित ओली करा, आधी कमरेचा बाक काढा, मग वरचा आणि खालचा. हातानं ढकलू नका, उष्णता लाकडात शिरेपर्यंत थांबा; लाकूड ढिलं पडल्याचं तळहाताला कळतं. गार होताना ते थोडं उलगडतं, म्हणून साच्यापेक्षा थोडा जास्त बाक द्या. सायप्रस फार समजूतदार, पहिल्या गिटारला तेच घ्या.

जुळणी पाटी पालथी ठेवून, सोलेरा नावाच्या किंचित खोलगट फळीवर होते. मानेच्या बुडाला खाचा पाडून बाजू त्यांतच अडकवतात, त्यामुळे मान वेगळी जोडावी लागत नाही. बाजू आणि पाटीच्या कोपऱ्यात लाकडाचे छोटे ठोकळे एकेक करून सरसानं चिकटवायचे. सरस 60 अंशांच्या आसपास ठेवा; उकळला की त्याची पकड जाते. लावल्यावर क्षणभरात तो गोठू लागतो, म्हणून ठोकळे आधी कोरडे बसवून पाहा आणि मगच ब्रश उचला.

फ्रेटची (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) मापं सगळी नटपासून घ्या, आधीच्या फ्रेटपासून नको, नाहीतर चूक पुढे साठत जाते. तारेच्या 650 मिमी लांबीला पहिली फ्रेट 36.5वर, बारावी 325वर. घोडीवरचं तारा टेकायचं हाड मात्र 650च्या मागे दीड-दोन मिमी.

लाखेचं पॉलिश घाईनं होत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात वेळ कमी पडतो. ते अर्धवट राहिलं तर मुंबईच्या पावसाळ्यात पूर्ण करायला घेऊ नका, दमट हवेत लाखेवर पांढरी झाक येते. दिवाळीनंतर करा.

घरी आणल्यावरचं गणित हवेचं. पाटी 45-50 टक्के आर्द्रतेत चिकटवलेली असते. कोकणात जुलैत ती फुगते, तारा वर चढतात, बोटं दुखतात. म्हणून निघण्यापूर्वी घोडीची दोन हाडं करून घ्या: एक नेहमीचं, एक अर्धा ते पाऊण मिमी ठेंगणं. पुणे-नागपूरकरांना धोका उलटा, मार्च ते मे. कोरड्या दुपारी पाटी आकसते आणि जोडाशी चिरते. पेटीत आर्द्रतामापक आणि ओल्या स्पंजची डबी ठेवा. काटा 40च्या खाली गेला की गिटार वाजवून झाल्यावर भिंतीवर टांगू नका, पेटीत बंद करा. विमानात तारा दोन स्वर उतरवा, आणि पेटी हातात नेऊ देणार का हे तिकीट काढतानाच विचारा.