भिंतीला गिलावा नाही

ऑफिसच्या कामासाठी चीनमधल्या निंगबोला गेलो होतो. अर्धा दिवस मोकळा मिळाला, म्हणून तिथलं शहराच्या इतिहासाचं संग्रहालय गाठलं. आत सात हजार वर्षांपूर्वीच्या हमूदू या तिथल्याच प्राचीन वस्तीच्या भातशेतीपासून जुन्या बंदरापर्यंत सगळं शिस्तीत मांडलंय. पण खरं सांगतो, माझा निम्मा वेळ बाहेरच गेला. भिंतीपाशी.

ती भिंतच तशी आहे. आमच्या श्रीवर्धनकडे जुन्या घरांवर असायचे तसे अर्धगोल नळे, पण छपरावर नाही, आडवे रचून भिंतीत घातलेले. हजारो. मध्येच विटांचा पट्टा, करड्या, तांबूस, कुठे काळपट, एकीचं माप दुसरीशी जुळत नाही. वरचा भाग डोंगराच्या कड्यासारखा बाहेर कललेला. उरलेल्या भिंती काँक्रीटच्या, पण ओतताना साच्याला बांबू लावलेले, त्यामुळे पेरांसकट बांबूचा ठसा उमटलाय.

हा माल आला कुठून? इथे आधी गावं होती. नवं शहर उभारायचं म्हणून ती पाडली आणि त्यांचीच कौलं-विटा या भिंतीत आल्या. वास्तुकार वांग शू. संग्रहालय 2008 मध्ये उघडलं आणि 2012 मध्ये वांग शूला प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळाला. चकाचक नव्या वस्तीत हा जुनाट ढिगारा कशाला, म्हणून आधी नाकंही मुरडली गेली होती म्हणे. गाव पाडायचं आणि त्याचंच संग्रहालय बांधायचं, यात थोडा आगाऊपणा आहेच. पण राडारोडा खाडीत ढकलण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मला मात्र धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. ही रचना वांग शूनं शोधलेली नाही. तिला तिथे 'वापान' म्हणतात. या किनाऱ्यावर वादळं येतात, घरं कोसळतात. मग शेतकरी पडलेल्या घराचेच तुकडे गोळा करायचे, हाताला येईल ते रचायचे आणि लवकरात लवकर भिंत उभी करायचे. म्हणजे ही नक्षी मुळात घाईची.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या अंगावरून गेलं, तेव्हा घराची निम्मी कौलं उडाली. उरलेली फुटली. दरवर्षी पावसाआधी कौलं परतताना काका एकेक कौल बोटानं वाजवून बघायचा; बद्द वाजलं की बाजूला. त्या दिवशी वाजवायला काही राहिलंच नाही. घरावर निळे पत्रे आले. पत्रे सोयीचे, परतायला नकोत, गळत नाहीत. पाऊस पडला की आत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, तेवढंच. फुटकी कौलं विहिरीमागे ढीग करून ठेवलीत. त्यातली काही काकानं उभी रोवून अळवाच्या आळ्याला कड केली आहे.

भिंतीपुढे उभा असताना माझ्याजवळच एक म्हातारा, बहुधा तिथलाच, विटांवरून सावकाश हात फिरवत चालला होता. भाषा येत नाही, काय विचारणार? मीही हात लावून पाहिला. उन्हानं गरम झाली होती.

त्या भिंतीचा फोटो रात्री काकाला पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन आला.

"काम छान आहे रे. पण गिलावा कधी करणार?"