पाटोच्या गच्चीवरचा चिलर: नोंदींपासून ग्राफपर्यंत

पणजीत पाटोला एका चार मजली कार्यालयाच्या गच्चीवर 40 टनांचा (हे वजन नव्हे, थंडाव्याचं माप) एअर-कूल्ड चिलर, म्हणजे इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र आहे. मालकांची विचारणा साधी होती: उन्हाळा सरला तरी पावसाळ्यात वीजबिल का उतरत नाही? जून ते जानेवारीच्या नोंदी सीएसव्ही फायलींत तयार होत्या. पहिला ग्राफ अर्ध्या दिवसात निघाला. त्यात सगळ्यात जास्त भार सकाळी साडेनऊला दिसत होता, म्हणजे धडधडीत चूक. लॉगर, म्हणजे नोंदी साठवणारी पेटी, यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहीत होता; खरी वेळ दुपारी तीनची. आपला फरक साडेपाच तासांचा, त्यामुळे आधी तासांचे गट पाडून मग वेळ बदलली तर प्रत्येक गट साडेआठ ते साडेनऊ असा अर्ध्यावर तुटतो. म्हणून आधी भारतीय वेळ, मगच गट.

एक्सेलचा नाद पहिल्याच दिवशी सोडला. दहा सेन्सर, दर 10 सेकंदांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला 86,400 ओळी. एक्सेलच्या 10,48,576 ओळी बारा दिवसांत संपतात. पुढचं सगळं पायथन भाषेतल्या पांडास या तक्ते हाताळायच्या साधनात केलं. फाइल वाचताना तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने आहे हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर 3 डिसेंबर गुपचूप 12 मार्चला जाऊन बसतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो कॉम्प्रेसरच्या चालू-बंद नोंदींनी. तापमान ठरावीक अंतराने लिहिलं जातं, पण ही नोंद फक्त स्थिती बदलली की पडते. 9:02 ला 1, 9:50 ला 0. या दोन आकड्यांची सरासरी 0.5 येते, प्रत्यक्षात त्या तासातली 48 मिनिटं कॉम्प्रेसर चालू होता, म्हणजे 0.8. उपाय असा: आधी एकेका मिनिटाच्या ओळी करायच्या, शेवटची स्थिती पुढे ओढत न्यायची, मग 15 मिनिटांची सरासरी. यातही एक खोच आहे. पावसात वीज गेली की लॉगरही झोपतो आणि पुढे ओढलेला 1 अंधारातही चालूच राहतो. तापमानाची नोंद पाच मिनिटांहून जास्त वेळ नसेल तिथे कॉम्प्रेसरची जागाही रिकामी सोडली. या रिकाम्या ओळी ठेवल्या नाहीत तर मॅटप्लॉटलिब (पायथनचं ग्राफ काढायचं साधन) खंडाच्या दोन टोकांना सरळ रेघेने जोडून टाकतं. वीज परतल्यावरच्या काही नोंदी 1970 सालच्या निघाल्या. लॉगरच्या घड्याळाची बॅटरी संपली होती. त्या ओळी काढून टाकल्या.

आता टनांचा हिशेब. पाण्याचा प्रवाह तासाला किती घनमीटर, गुणिले जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यातला फरक, भागिले 3.024. इथे प्रवाह 24 घनमीटर. फरक 5 अंश असेल तर 39.7 टन. पण कमी भारावर फरक 2 अंशांवर येतो आणि तिथे सेन्सरची चूक सगळं खाऊन टाकते. तपासायला एका रविवारी कॉम्प्रेसर आणि एएचयूचे (खोल्यांत थंड हवा सोडणाऱ्या यंत्रांचे) पंखे बंद ठेवून नुसता पंप अर्धा तास फिरवला. दोन्ही सेन्सर एकच आकडा दाखवायला हवेत. परतीचा 0.6 अंश जास्त दाखवत होता, म्हणजे जवळपास पावणेपाच टन हवेतले! तो फरक सगळ्या नोंदींतून वजा केला. नंतर पाहिलं तर त्या सेन्सरवरचं इन्सुलेशन उसवलेलं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात थंड पाइपला सतत घाम सुटतो. पाणी वायरीवरून थेट टर्मिनलपर्यंत उतरतं. वायरीला पेटीखाली एक झोल ठेवला की ते तिथेच टपकतं.

वीजमीटरच्या युनिटांची बेरीज करायची नसते, लागोपाठच्या वाचनांतला फरक घ्यायचा. मीटरआधीचा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, प्रवाह ठरावीक पटीत कमी करून मीटरला देणारा) 150/5 चा, म्हणून 30 ने गुणायचं. तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरवर 80 अँपिअर, 415 व्होल्ट, पॉवर फॅक्टर 0.85, म्हणजे सुमारे 49 किलोवॅट. लॉगमध्ये 1.6 दिसत असेल तर गुणाकार राहिला असं समजा.

मालकांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र साध्या तापमानाच्या ग्राफने दिलं नाही. आडव्या अक्षावर बाहेरचं तापमान घेतलं तेव्हा ठिपके नुसते विखुरले. वेट बल्ब, म्हणजे हवेतला ओलावाही धरणारं ओल्या थर्मामीटरचं तापमान, घेताच ते एका पट्ट्यात आले. जुलैत 28 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असली तर वेट बल्ब 26.5 च्या पुढे जातो. जानेवारीत दुपारी 32 अंश आणि 50 टक्के असताना तो 23.5 च्या आसपासच राहतो. पावसाळ्यात चिलर हवा थंड करण्याइतकाच ती सुकवत असतो. बाहेरचा सेन्सर कंडेन्सरच्या (चिलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) गरम झोतापासून लांब, सावलीत हवा. नाहीतर हा ग्राफ काढण्यात अर्थ नाही.

शेवटी तारीख आडवी, तास उभे आणि रंगात किलोवॅट असा नकाशा काढला. त्यात चवथीचे दिवस, 3 डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त आणि 19 डिसेंबरचा मुक्तिदिन इतर कामाच्या दिवसांसारखेच सकाळी साडेआठपासून लालभडक. चिलर चालू-बंद करणाऱ्या टायमरच्या वेळापत्रकात सुट्टी म्हणून रविवार होता, गोव्याच्या सुट्ट्या कोणी घातल्याच नव्हत्या.