चावी फिरली, पण मार्क तीनच

माझी इंज्युरी मानेत, मज्जारज्जूला, सी६ लेव्हलची. म्हणजे खांदा चालतो, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं पण बोटं हलत नाहीत. हातांची टेस्ट आहे म्हटल्यावर मला वाटलं बोट हलवून बघतील आणि सोडतील, पण ग्रास्प नावाची ती टेस्ट चांगलीच लांबली, दोन्ही हातांची वेगवेगळी.

आधी ताकद. एकेका स्नायूला ० ते ५ मार्क, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मॅडम स्वतःचं बोट स्नायूवर ठेवून तो जरासा तरी आखडतो का बघत होत्या. मनगटाला ४ आणि अंगठा वाकवायला सरळ शून्य. मग डोळे मिटायला लावून कमीजास्त जाडीचे नायलॉनचे धागे बोटांच्या टोकाला टेकवले, धागा वाकेपर्यंतच दाबायचा, लागलं की सांगायचं. अंगठ्याला बारीक धागासुद्धा कळला. करंगळीला मात्र मी नुसता वाट बघत बसलो, आणि खरं सांगतो, एकदोनदा अंदाजाने "हो" ठोकून दिलं तर मॅडम म्हणाल्या, "अहो, मी अजून टेकवलाच नाही!"

शेवटी बाटलीतून पाणी ओतणं, झाकण उघडणं, नाणी, नटबोल्ट, कुलपात चावी फिरवणं असली कामं, प्रत्येकाला सव्वा मिनिट. नटबोल्टला हात लावला तेवढाच. चावीला मात्र मी तयार होतो, कारण मनगट वर उचललं की टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) ताणले जाऊन बोटं आपोआप मिटतात आणि अंगठा तर्जनीला चिकटतो, टेनोडेसिस म्हणतात त्याला, त्याच चिमटीत चावी धरली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा कुलपात घातली आणि अख्खा हात वळवून फिरवली. मी खूश. मार्क ५ पैकी ३.

डोकंच फिरलं माझं, काम झालं ना मग दोन का कापले? मॅडम म्हणाल्या, "काम तुमच्या मनगटाने केलं, अंगठ्याने नाही. आज पाच दिले तर उद्या अंगठा जागा झालेला मला कळणार कसा?" पटलं, पण राग जायला दोन दिवस लागले.

तीन महिन्यांनी परत तीच टेस्ट. चावीला पुन्हा ३. पण अंगठा वाकवायला सांगून मॅडमनी मनगटाच्या वर बोट ठेवलं, "परत करा" म्हणाल्या, मग अजून एकदा. मला काहीच दिसलं नाही, अंगठा जागचा हलला नव्हता. त्यांनी मात्र शून्य खोडून १ लिहिला.