तांब्याच्या बंबातला लाल गाळ

जांभ्यात खणलेल्या विहिरीचं पाणी दिसायला नितळ असतं, पण बऱ्याचदा त्यात लोह विरघळलेलं असतं आणि ते किंचित आम्लधर्मीही असतं. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे या खनिजपट्ट्यात तर हे पाहायलाच हवं. घाटावरच्या बंबात चुन्याचा पांढरा थर धरतो. आमच्या मागील दारच्या बंबात लाल चिखल साचतो आणि तोटीखाली हिरवा डाग पडतो. चिखल लोहाचा. हिरवं दिसतं ते आम्लाने सुटलेलं तांबं, म्हणजे बंबच झिजतोय.

मोठी सफाई मी पाऊस ओसरल्यावर करतो. आधी आतला नळा, जाळी आणि धुराडं कोरडंच झाडून काजळी काढायची. काजळीला पाणी लागलं की तिचा चिकट लेप होतो. पावसात ओलं सरपण जाळलं असेल तर नळ्याला डांबरासारखा थर असतो. बंब भरलेला ठेवून सुक्या करवंट्यांचा कडक जाळ दिला की तो बराचसा सुटतो, उरलेला गार झाल्यावर लाकडी पट्टीने खरवडायचा.

मग पाणी सोडायचं. तोटी तळापासून दोन-तीन बोटं वर असते आणि गाळ नेमका तिच्या खाली राहतो, म्हणून दोघांनी मिळून बंब आडवा करून विसळावा. आत घासायला काथ्या किंवा लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश. तारेच्या ब्रशाने चरे पडतात आणि झाळलेले सांधे उघडे पडतात.

एवढ्याने चिकटलेला थर निघत नाही. त्यासाठी लिटरला २५ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे ३० लिटरच्या बंबाला पाऊण किलो. पाणी हाताला सोसवेल इतकंच कोमट करून जाळ बाहेर ओढायचा, उकळायचं नाही. दोन-तीन तासांनी सोडलं की पाणी तपकिरी-हिरवट येतं. त्यात तांबं असतं, म्हणून ते माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. पुढचं पाणी लिटरला ५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून फिरवायचं, मग दोनदा साधं. संडास धुण्याचं ॲसिड वापरूच नका. पितळेची तोटी त्याने खराब होते, आणि ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. बंब जस्ताच्या पत्र्याचा असेल तर सायट्रिकही नको, जस्त विरघळतं. बाहेरून भिंडाची (कोकमाची) सोलं आणि मीठ उत्तम, पण लगेच धुवायचं. मीठ राहिलं की पुन्हा हिरवं.

खरं काम याच्यापुढे आहे. तेच पाणी परत भरलं तर गाळ पुन्हा येणारच. पाणी आम्लधर्मी असताना लोह फार सावकाश गंजून खाली बसतं, त्यामुळे आधी पीएच (आम्लपणाचं माप, आम्ल जास्त तर आकडा कमी) वर आणावा लागतो. तिसऱ्यांचे शिंपले उकळून, ठेचून, भोकं पाडलेल्या बादलीत पाच-सहा किलो भरतो आणि विहिरीचं पाणी त्यातून हळूहळू पिंपात उतरू देतो. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल मारतो. तपासायच्या कागदी पट्टीवर पीएच ७च्या आसपास आला की पाणी रात्रभर उघडं ठेवायचं; सकाळी लोह तळाशी असतं. बंबात भरायचं ते वरचं पाणी. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर पाणी लालसर दिसतं, तेव्हा एक दिवस जास्त थांबावं.

बंब पूर्ण भरल्याशिवाय जाळ घालू नये, रिकाम्या बंबाची झाळण वितळते. जुन्या झाळणीत शिसं असू शकतं, म्हणून हे पाणी फक्त न्हाण्याला, चहा-स्वयंपाकाला नाही.

आठवड्यातून एकदा, जाळ घालण्याआधी, बंब तोटीकडे कलता करून दोन-तीन लिटर पाणी सोडतो. ते लाल यायला लागलं की शिंपल्यांवर गंजाचं साल बसलेलं असतं. शिंपले काढून चोळून धुवायचे आणि झिजून कमी झाले असतील तेवढे नवे घालायचे.