डब्ल्यू ३ बसने अलेक्झांड्रा पॅलेसला

लातूरहून आई-बाबा लंडनला आले, तेव्हा त्यांना आवर्जून दाखवावे असे मला वाटत होते ते ठिकाण म्हणजे उत्तर लंडनमधील टेकडीवरचा अलेक्झांड्रा पॅलेस. येथे कोणताही राजा राहिला नाही. सर्वसामान्य लोकांनी सुटीच्या दिवशी यावे, गाणे ऐकावे, नाटक पाहावे, बागेत फिरावे, यासाठीच ही भव्य वास्तू उभारण्यात आली.

पिकॅडिली मार्गावरील भुयारी रेल्वेने वुड ग्रीन स्थानकावर उतरून डब्ल्यू ३ क्रमांकाची बस घेतली की ती थेट पॅलेसपाशी सोडते. येथील बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. बँकेचे कार्ड यंत्राला टेकवायचे. दौलताबादहून खुलताबादकडे एसटी घाट चढू लागते, तसाच काहीसा अनुभव टेकडीच्या वळणावर येतो, आणि वर पोहोचताच सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटापासून उंच काचेच्या इमारतींपर्यंत सारे शहर समोर पसरलेले दिसते. आईला गुडघ्यांचा त्रास असल्याने पायी चढण शक्य नव्हती, म्हणून बस दारापर्यंत जाते याचे मला विशेष मोल वाटले. पूर्वी तर रेल्वेही थेट टेकडीवर येत असे. ती प्रवासी सेवा १९५४ मध्ये बंद झाली आणि त्या मार्गाच्या मोठ्या भागावर आता झाडीतून जाणारी पायवाट आहे.

पॅलेस २४ मे १८७३ रोजी खुला झाला आणि अवघ्या सोळा दिवसांत आगीत भस्मसात झाला. तरीही तो पुन्हा बांधून १ मे १८७५ रोजी लोकांसाठी उघडण्यात आला. १९०० मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून ही वास्तू आणि भोवतालचे उद्यान जनतेच्या उपयोगासाठी राखून ठेवले. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने येथूनच नियमित दूरचित्रवाणी प्रक्षेपण सुरू केले. त्याचा मनोरा आजही दिसतो. १९८० मध्ये दुसरी मोठी आग लागली, त्यातूनही पॅलेस सावरला.

परंतु आमचा खरा वेळ गेला तो नाट्यगृहात. बाबा औशाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते आणि गणेशोत्सवातील नाटके बसवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे प्रेक्षागृहात शिरताच ते आधी रंगमंचाकडे वळले. १८७५ मधील हे नाट्यगृह जवळपास ऐंशी वर्षे प्रेक्षकांसाठी बंद होते. मधल्या काळात बीबीसीने ते सामान ठेवण्यासाठीही वापरले. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा भिंतींचा उडालेला रंग आणि झिजलेले नक्षीकाम जाणीवपूर्वक तसेच ठेवण्यात आले. बांधकाम मात्र भक्कम करण्यात आले. रंगमंचाखाली पात्रांना वर आणण्यासाठी किंवा अदृश्य करण्यासाठी वापरली जाणारी जुनी लाकडी यंत्रणाही जपलेली आहे.

"रंग दिला असता तर कालच बांधलंय असं वाटलं असतं, बाळा," बाबा म्हणाले. मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटते. जुनी वास्तू जपायची म्हणजे तिच्यावर नवा मुलामा चढवायचा, ही समजूत आपल्याकडेही दृढ आहे, आणि त्यापायी कित्येक वाड्यांचे कोरीव खांब ऑइलपेंटखाली गेले आहेत. येथे प्लास्टरचा पोपडासुद्धा त्या जागेचा इतिहास म्हणून राखला आहे, आणि त्याच भिंतींमध्ये आज नवी नाटके होतात.

ज्यांची मुले लंडनमध्ये आहेत आणि जे त्यांच्याकडे येणार आहेत, त्यांनी नाट्यगृह केव्हा पाहता येईल याची चौकशी निघण्यापूर्वी अवश्य करावी, कारण उद्यान आणि तेथून दिसणारे शहर रोज पाहता येते, नाट्यगृह मात्र प्रयोगाच्या किंवा खास आयोजित फेरीच्या वेळीच आतून पाहायला मिळते. मोठ्या कार्यक्रमांच्या संध्याकाळी बसला फार गर्दी असते, त्यामुळे वयस्कर मंडळींनी दुपारीच जाणे सोयीचे.